शंभर वेळा धुतलेलं तूप

मागच्या जानेवारीत मी आमच्या होऊ घातलेल्या विहीणबाईंना थालीपिठावर तोंडाला लावायचं मलम वाढलं, आणि त्यांनी ते दोनदा मागून घेतलं.

यात माझी चूक किती आणि भोपाळच्या हवेची किती, याबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही. मी हवेच्या बाजूनं आहे. (एकटाच आहे.) भोपाळला एवढे मोठे तलाव आहेत म्हणजे हवा दमट असेल, असं बाहेरच्यांना वाटतं. त्यांनी जानेवारीत आमच्या कोलार रोडला येऊन राहावं. डिसेंबर लागला की आमच्या घरातली माणसं उलायला लागतात. आधी ओठ, मग टाचा, मग बोटांची पेरं. हातावर नखानं ओढलं की पांढरी रेघ उमटते. घाईत कागद सापडला नाही तर मी फोन नंबर मनगटावर नखानं लिहून घेतो. स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. खोबरेल तेलाची बाटली दगड होऊन खिडकीत उन्हाला बसलेली असते, आणि ती वितळेपर्यंत आम्ही आंघोळ करून तिच्या शेजारी बसलेले असतो.

आमची मुलगी ऋचा इथंच एका कंपनीत नोकरी करते. तिच्याच ऑफिसात तिला अनिकेत भेटला. मुलगा वसईचा, नोकरीसाठी इकडे आलेला, अयोध्या नगरला भाड्यानं राहतो. त्या दोघांचं सगळं ठरलेलं होतं. ठरायचं राहिलं होतं ते अनिकेतच्या आईचं, आणि ते काम सोपं नव्हतं.

वसुधाताई तेहतीस वर्षं वसईच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गशिक्षिका होत्या. त्यांना खोटं चालत नाही, असं ऋचानं आम्हाला बजावून ठेवलं होतं. अनिकेतच्या थोरल्या भावाला सांगून आलेल्या एका मुलीच्या वडिलांनी पत्रिकेत मुलीची उंची दोन इंच वाढवून लिहिली होती. वसुधाताईंनी पर्समधून टेप काढली, मुलीला भिंतीशी उभं केलं आणि चहा न घेता घरी गेल्या.

"बाबा, प्लीज, त्यांच्यासमोर जास्त बोलू नका," ऋचा म्हणाली. "तुम्ही बोलायला लागलात ना, की प्रत्येक गोष्ट थोडी थोडी बढती जाती है."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"नाही. तुम्ही रंगवता."

हे झालं त्यांच्या येण्याच्या पंधरा दिवस आधी. आणि त्याच आठवड्यात ऋचाचा चेहरा फुटला. गाल लाल झाले, नाकाच्या कडेनं पापुद्रे सुटायला लागले. चौकशी केली तेव्हा कळलं की पाहुणे येणार म्हणून तिनं ऑनलाइन कसलंसं ॲसिड मागवून तोंडाला लावलं होतं. (आमच्या काळी ॲसिड संडासाला लावत.) मग मीनानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, नागपूरला आपल्या आईला फोन लावला. सासूबाई नव्वदीला टेकल्या आहेत आणि त्यांच्या गालावर अजून एक सुरकुती नाही, म्हणून त्वचेच्या बाबतीत आमच्याकडे त्यांचा शब्द शेवटचा.

"ते डब्यातलं काही लावू नको म्हणा तिले," सासूबाई म्हणाल्या. "शंभरदा धुतलेलं तूप लाव. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्याचं, पाणी टाकाचं, तळहातानं फेटाचं. पाणी ओतून द्याचं, दुसरं टाकाचं. असं शंभरदा. नव्याण्णवदा नाही हो बाई, शंभरदा."

मीनाचा खांदा तीन महिन्यांपासून आखडलेला. ऋचाला ऑफिस. घरात दोन धडके हात असलेला आणि दिवसभर काही न करणारा माणूस एकच होता, आणि तो तेव्हा पेपर वाचण्यात गढल्याचं सोंग करत होता.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर उन्हात बैठक मारली. परात, तूप, दोन बादल्या पाणी. जानेवारीतलं ते पाणी! पहिल्या धुण्याला बोटं बधिर झाली. दुसऱ्याला मनगट कुरकुरलं. तूप पाण्यात शिरायला तयार नाही, पाणी तुपाला शिवायला तयार नाही, आणि मी मध्ये. शेजारच्या गच्चीवर खानसाहेब पतंगाचा मांजा सोडवत बसले होते. ते पंधरा मिनिटं नुसते बघत राहिले. मग कठड्याशी आले.

"अमाँ काळे साहब, इस घी ने ऐसा क्या गुनाह कर दिया?"

"सौ बार धोना है, खान साहब. बिटिया के चेहरे के लिए."

"सौ बार? इतने में तो आदमी के गुनाह धुल जाएँ," असं म्हणून ते परत मांजाकडे वळले.

आता माझा स्वभाव सांगणं भाग आहे. माझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथं आले आणि त्याच कचेरीत पुढं मी चौतीस वर्षं काढली, सगळी रेकॉर्ड विभागात. काम झालं की रकाना भरायचा, आणि काम झालं नसेल तर आधी रकाना भरायचा, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं आहे. साहेब तपासणीला आले की काम कुणी बघत नाही, रजिस्टर बघतात. रिकामा रकाना दिसला की माझा हात अजूनही आपोआप पेनाकडे जातो. म्हणून तूप धुवायला बसतानाच मी एका कोऱ्या कागदावर शीर्षक घातलं, 'तूप धुणे, तपशील', खाली शंभर खुणांची जागा आखली, आणि प्रत्येक धुण्याला एक काडी ओढायला सुरुवात केली. चार उभ्या, पाचवी आडवी.

बाविसाव्या काडीला तूप पांढरंशुभ्र झालं होतं. कापसासारखं हलकं, बोटाला लावलं की विरघळत होतं. मी कागदाकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर काड्यांची रिकामी जागा माझ्याकडे बघत होती. खालून मीनानं चहाला हाक मारली. मी चहा वर आणला, पेन घेतला, आणि तिथंच बसून एका दमात उरलेल्या सगळ्या काड्या ओढून टाकल्या. वळणदार, एकसारख्या. खाली 'काम पूर्ण' लिहून सही केली. मग पुराव्याला जरा सुगंध असावा म्हणून तुपात दोन चमचे गुलाबपाणी घातलं.

मीनानं तो कागद फ्रिजवर लोहचुंबकानं लावला. तिचे डोळे भरून आले होते. "एवढ्या थंडीत," ती म्हणाली. "पोरीसाठी." बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं माझा कुठलाही कागद फ्रिजवर लावला नव्हता. त्या क्षणी खरं सांगावंसं मला वाटलं, नाही असं नाही. पण तिनं लगेच भज्यांचं पीठ भिजवायला घेतलं.

आणि गंमत म्हणजे, लागू पडलं की हो! पाच दिवसांत ऋचाचे गाल निवळले. आठव्या दिवशी पापुद्रे गेले. मीनाच्या टाचांच्या भेगा मिटल्या. खानसाहेबांनी भाभीजींसाठी एक डबी मागून नेली. जो तो मला विचारायला लागला आणि मी सांगायला लागलो. सत्तरीनंतर हात आपोआप चालतो, नव्वदीनंतर एक प्रकारची समाधी लागते, असं मी चारचौघांत सांगितलं. ऋचाच्या मैत्रिणीनं मोबाइलवर माझी मुलाखत घेतली. त्यात मी आजच्या पिढीकडे धीर नाही, असं म्हटलेलं आहे.

तो रविवार उजाडला. वसुधाताई, त्यांचे यजमान आणि अनिकेत बरोबर अकराला दारात उभे. वसईच्या दमट हवेतून त्या तीनच दिवसांपूर्वी आल्या होत्या आणि भोपाळनं त्यांना सोडलं नव्हतं. ओठ उललेले, बोटांच्या पेरांना चिरा, हसल्या तर ओठातून रक्त येईल म्हणून हसणं बंद. (ते एरवीही फारसं चालू नसावं, असा माझा समज झाला.) यजमान मात्र गोरेपान, शांत. आल्यापासून गेल्यापर्यंत ते तीन वाक्यं बोलले.

वसुधाताईंनी सगळं घर पाहिलं. पुस्तकांचं कपाट पाहिलं. स्वयंपाकघरात गेल्या, तिथं त्या फ्रिजसमोर जरा जास्त वेळ थांबल्या. मीनानं अभिमानानं सगळी कथा सांगितली. त्या कागदाकडे बघत वसुधाताई फक्त "अस्सं" म्हणाल्या.

बेत थालीपिठाचा होता. मीनानं आठवडाभर साय साठवून, घुसळून लोणी काढलं होतं. ती तव्यापाशी, ऋचा ताटं मांडतेय, वाढायला मी.

"अहो, ओट्यावरची झाकणाची वाटी घ्या," मीना आतून म्हणाली. "त्यात लोणी आहे."

ओट्यावर झाकणाची वाटी होती. मी घेतली. मीनाच्या लोण्यावर झाकण नव्हतं, ते झाकण तिनं थालीपीठ थापता थापता उचलून बाजूला ठेवलं होतं, हे मला कसं कळणार? आणि झाकण असलेली ती वाटी म्हणजे सकाळी बरणी धुवायची म्हणून मीच तूप काढून ठेवलेली वाटी, हे माझ्या कसं लक्षात राहणार?

अनिकेतच्या वडिलांना कोलेस्टेरॉल. त्यांनी वाटीवर हात आडवा धरला. अनिकेतला दही हवं होतं. वसुधाताईंनी ताट पुढं केलं. मी सढळ हातानं गोळा घातला. त्यांनी पहिला घास घेतला, थांबल्या, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या उललेल्या ओठांना जरा आराम पडल्यासारखं दिसलं.

"हलकं आहे हो लोणी," त्या म्हणाल्या. "अजिबात आंबट नाही. पण गुलाबाचा वास येतोय का?"

ऋचानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेचा अर्थ 'रंगवू नका' असा होता. पण प्रश्न मला विचारला गेला होता आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं.

"इकडच्या म्हशींचा चारा वेगळा," मी म्हणालो. "थंडीत तलावाकडे गुलाबाचे ताटवे असतात. म्हशी फिरतात ना तिकडे."

"म्हशी गुलाब खातात?"

"पाकळ्या. पडलेल्या."

वसुधाताईंनी आणखी थोडं मागितलं. मी आणखी वाढलं. दुसरं थालीपीठ आलं तेव्हा त्यांनी पुन्हा मागितलं. ऋचाच्या चेहऱ्यावर रंग आला. अनिकेतनं टेबलाखालून तिला अंगठा वर करून दाखवला, तो मीही पाहिला. जमलं, असं मला वाटलं. आणि तेवढ्यात मीना गरम थालीपीठ आणि हातात एक उघडी वाटी घेऊन बाहेर आली.

"अहो, लोणी तर इथंच राहिलं," ती म्हणाली, आणि तिची नजर माझ्या हातातल्या वाटीवर गेली.

ऋचा खुर्चीत बसली आणि तिनं डोळे झाकून घेतले.

"काय आहे त्यात?" वसुधाताईंनी विचारलं.

"तूपच आहे," मीना म्हणाली. "म्हणजे, तोंडाला लावायचं. म्हणजे ह्यांनी धुतलेलं. तसं काही नाही, शुद्धच आहे, पण थांबा हं, मी आईला विचारते." खरं तर तिला फोन लावायची गरज नव्हती. पण घाबरली की ती नागपूरला फोन लावते. आणि घाबरली की फोन स्पीकरवर टाकते.

"आई, ते धुतलेलं तूप पोटात गेलं तर काही होतं का?"

"कोनाच्या पोटात गेलं?"

"पाहुण्यांच्या."

"अगं बाई! काय करून राहिले तुम्ही लोकं? शंभरदा धुतलं का ते?"

"हो."

"मंग ते विष असते बापा. पोटात जाऊच द्याचं नाही. माझी आजी ते कुलपात ठेवे."

ते खरं की खोटं, हे तपासायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. अनिकेतनं गाडीची किल्ली शोधायला सुरुवात केली. त्याच्या वडिलांनी दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं: "वसू, मळमळतंय का?" आणि मग मीनानं, माझ्या भाबड्या, निष्ठावान मीनानं, धावत जाऊन फ्रिजवरचा कागद आणला आणि फोनजवळ धरला, जणू सासूबाईंना तो तिकडून दिसणार होता.

"पूर्ण शंभर, आई! एकही कमी नाही. ह्यांनी एकेक मोजून लिहिलंय, खाली सही आहे!"

"मंग लवकर दवाखान्यात न्या," सासूबाई म्हणाल्या.

मी तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात वसुधाताईंच्या जिवाची काळजी नव्हती. बावीस धुण्यांचं तूप म्हणजे फक्त ओलं तूप, हे मला एकट्याला माहीत होतं. मला भीती वाटत होती ती त्या टेपची. दोन इंचांसाठी या बाई चहा न घेता उठल्या होत्या. माझ्या तर अठ्ठ्याहत्तर काड्या खोट्या होत्या. गप्प बसलो तर त्यांना सलाइन लागणार, बोललो तर पोरीचं लग्न मोडणार. मी ऋचाकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती अनिकेतच्या आईला पाणी देत होती आणि पेला भरून वाहायला लागला तरी ओततच होती. ते मला बघवलं नाही.

"शंभर नाही," मी म्हणालो.

किल्ली घेऊन दाराशी पोचलेला अनिकेत मागे वळला.

"काय शंभर नाही?" मीनानं विचारलं.

"धुणं. बावीस वेळा धुतलंय. पुढच्या काड्या मी चहा पिताना ओढल्या."

"पण समाधी?" मीना म्हणाली. "नव्वदीनंतर समाधी लागली म्हणालात."

"नाही लागली."

"बाबा, तुम्ही मुलाखत दिलीत," ऋचा म्हणाली.

"हो. आणि म्हशींचंही खरं नाही."

मी खाली मान घालून उभा होतो. बासष्टाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, हातात वाटी. फोनवर सासूबाई अजून होत्या.

"बावीसदाच धुतलं म्हणता? मंग काई नाही होत. तूपच हाय ते," त्या म्हणाल्या. "पण जावईबापू, लाज वाटाले पायजे तुम्हाले." आणि त्यांनी फोन ठेवला.

वसुधाताईंनी रुमालानं तोंड पुसलं. अनिकेतनं किल्ली खिशात टाकली पण तो बसला नाही. मग वसुधाताईंनी मीनाच्या हातातून तो कागद घेतला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

"मला आल्या आल्याच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या बावीस काड्या वेगवेगळ्या आहेत. काही तुपकट बोटांनी काढल्यात, एकीवर पाण्याचा थेंब आहे. तेविसाव्यापासून सगळ्या एका दमात. काळेसाहेब, मी तेहतीस वर्षं 'हे वाक्य शंभर वेळा लिहून आण' अशा शिक्षा तपासल्यात. तिसरीतली मुलंसुद्धा मध्ये एकदा पेन बदलतात हो."

माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत चार तपासण्या झाल्या. एकाही साहेबाला हे कधी दिसलं नव्हतं.

"आई, मग तू तेव्हा काही बोलली का नाहीस?" अनिकेतनं विचारलं.

"बघत होते, स्वतःहून सांगतात का," त्या म्हणाल्या. "त्या दोन इंचवाल्या गृहस्थांनी मी टेप समोर धरली तरी भिंत वाकडी आहे म्हणून सांगितलं. यांना तर मी टेप दाखवलीही नव्हती." मग त्या ऋचाकडे वळल्या. "बस गं, पाणी पी. तुझ्या बाबांना वेळ लागला, पण उत्तर बरोबर आलं."

ऋचा तेव्हा रडली. मीही थोडा रडलो असतो, पण वसुधाताईंनी वाटीतलं उरलेलं तूप बोटावर घेऊन पेरांच्या चिरांना चोळून पाहिलं होतं आणि त्या माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होत्या.

"बावीसला हे असं," त्या म्हणाल्या. "शंभरला कसं होईल? घरात उरलेलं सगळं आणा. परात कुठं आहे?"

थालीपिठं आटोपल्यावर सगळे गच्चीवर गेले. माझ्यासमोर परात आणि दोन बादल्या, वसुधाताई शेजारी खुर्चीत, कडक आवाजात मोजणी. तेवीस. चोवीस. पंचवीस, नीट फेटा, कडेचं राहतंय. चाळिशीच्या आसपास अनिकेतच्या वडिलांनी दुसरं वाक्य उच्चारलं, "मग साखरपुडा इथंच करूया," आणि त्यावर टाळ्या वाजल्या, ज्यात मला भाग घेता आला नाही. शेजारच्या गच्चीवरून खानसाहेब म्हणाले, "काळे साहब, फिर से?" मी मान वर केली नाही. पन्नाशीला खांदा गेला, साठीला बोटं कुणाची आहेत तेच कळेना.

त्रेसष्टाला वसुधाताई हात धुवायला खाली गेल्या. दहा मिनिटांनी वर आल्या.

"कितवं?"

"एकाहत्तर," मी म्हणालो.

त्यांनी वाकून परातीतलं पाणी पाहिलं. मग बादलीतलं पाणी पाहिलं, ते जिथल्या तिथं होतं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि ओठ फुटायची पर्वा न करता त्या दिवसात पहिल्यांदा खळखळून हसल्या. "चौसष्टपासून," त्या म्हणाल्या.

अनिकेतचे वडील माझ्याजवळ सरकले आणि त्यांनी तिसरं वाक्य उच्चारलं. "वाईट वाटून घेऊ नका," ते हळू आवाजात म्हणाले, "निवृत्त झाल्यापासून ती अगदी सुकून गेली होती, इतका कच्चा मुलगा पुन्हा हाताला लागेल, असं तिला वाटलं नव्हतं."